पुनवेला बारा



मे महिना लागला की आमच्या भिसेगावात पोरांचे दोन तट पडतात. ज्यांना मामाचे गाव आहे ती निघून जातात. उरलेली कर्जत स्टेशनच्या पुलावर उभी राहून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिन कसे लावतात ते बघत बसतात. आपला जिल्हा रायगड, त्याला एवढा लांब किनारा; पण आमच्या वस्तीतल्या निम्म्या पोरांनी समुद्र पाहिला तो चैत्यभूमीला, सहा डिसेंबरच्या गर्दीत, बापाच्या खांद्यावरून. म्हणून यंदा आम्ही बायकांनीच ठरवले, बुद्धपौर्णिमेची जयंती आटोपली की अलिबागच्या बाजूला तीन रात्री राहून यायचे. लॉजचे भाडे परवडणारे नव्हते, तेव्हा मंडपवाल्याकडून दोन ताडपत्र्या आणि दोरखंड भाड्याने घेतले. स्टोव्ह, तांदूळ, कांदे, सुकट घरचेच. सात बाया, अकरा मुले, आणि सामान उचलायला म्हणून माझे धाकटे दीर.

खर्चाचे विचारतील त्यांच्यासाठी सांगते. कर्जतहून खोपोलीपर्यंत लोकल, पुढे पेणवरून एस.टी. बायकांना २०२३ पासून एस.टी.त अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून तिकीटच नाही. त्यामुळे माझ्या सासूबाई फुकट आल्या आणि वाटेत दोनदा तसे म्हणाल्याही.

सासूबाईंना न्यावे की नाही यावर घरात वाद झाला होता. वय शहात्तर, गुडघे दुखतात. दीर म्हणाले, "वाळूत आईला कोण सांभाळणार?" त्यांचे माहेर मांदाडच्या खाडीकडचे. जवळच कुड्याची लेणी, सव्वीस आहेत म्हणतात. लहानपणी त्या तिथे लाकडे गोळा करायला जात. लेणी आपली, बुद्धाची, हे तेव्हा कोणी सांगितलेले नव्हते. ओहोटीला खडकावरची कालवे फोडायची, चिखलातल्या शिवल्या काढायच्या, एवढाच त्यांचा समुद्र. मौज म्हणून त्या कधी पाण्याजवळ गेल्या नव्हत्या.

ज्या वाडीत जागा ठरवली होती तिथे उतरलो. मालकाने पाणी दिले, गाव विचारले, मग आडनाव विचारले. आत जाऊन आला आणि म्हणाला, "अचानक पाहुणे आलेत, जागा नाही." नारळीखाली चिटपाखरू नव्हते. माझी चौदा वर्षांची पुतणी म्हणाली, "काकी, पाहुणे कुठायत?" मी तिला काय सांगणार? तिला कळले होते, म्हणून तर विचारत होती. त्यावर भांडायला हवे होते असे मला आजही वाटते. पण अकरा मुले, कडक ऊन आणि डोक्यावर सामान. आम्ही निघालो.

वरसोलीच्या बाजूला एका मासेवालीने सुरूच्या झाडांत जागा दाखवली आणि तिच्या नळावरून पाणी भरायला दिले. दीर पाण्याच्या जवळ ताडपत्री बांधू लागले, वारा चांगला लागतो म्हणून. सासूबाई वाळूत थोड्या फिरल्या आणि वाळलेल्या शेवाळाची, काटक्यांची एक लांब रेघ काठीने दाखवली. "हिच्या वर बांधा. परवाच्या पुनवेचं पाणी इथवर आलंय." दीरांनी हसत हसत बांबू वर आणले. रात्री दीड-दोनच्या सुमाराला जाग आली तेव्हा लाटा त्या रेघेच्या अलीकडे हातभर येऊन फुटत होत्या. चांदणे होते, मुले गाढ झोपली होती, आणि सासूबाई बसून पाण्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी कुलाबा किल्ला. ओहोटीला तिथे चालत जाता येते, भरती आली की सगळीकडून पाणी. सासूबाईंनी आदल्या रात्री हिशेब सांगितला होता. पुनवेला आणि अवसेला भरती बाराला, दिवसा आणि रात्री. पुढे रोज पाऊण तासाहून थोडे जास्त, म्हणजे ४८ मिनिटे उशिरा. तृतीयेला तीन वेळा ४८, म्हणजे भरती अडीचच्या आत आणि ओहोटी सकाळी सव्वाआठच्या आसपास. आणि पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिला तास रेंगाळते, तिसऱ्या-चौथ्या तासात धावते. अष्टमीला भांगाचे पाणी, ते फार चढतही नाही, उतरतही नाही. दीरांच्या मोबाइलमध्येही जवळपास तीच वेळ निघाली. शाळेत न गेलेल्या बाईचे गणित!

साडेसातला निघालो. खडक काळे, शेवाळाने निसरडे; कालवांच्या शिंपांनी पाय कापतात, म्हणून मुलांना चपला काढू दिल्या नाहीत. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला चारी बाजूंनी खारट पाण्यात, आणि आत गोड्या पाण्याची विहीर. सासूबाईंनी ओंजळभर पाणी तोंडाला लावले आणि बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पुतणीला म्हणाल्या, "आमच्या गावच्या विहिरीवर आम्ही खाली हंडा ठेवून बसायचो. वरून कोणी ओतलं तर ओतलं. एकदा दुपारपर्यंत कोणी आलंच नाही." आमच्या लग्नाला बावीस वर्षे झाली, हे मी पहिल्यांदा ऐकले.

या नादात आणि मुलांच्या फोटोंत सव्वादहा वाजले. बाकीच्या बाया कधीच पलीकडे गेल्या होत्या. आम्ही चौघे मोठे नि तीन मुले मागे. मधल्या सखल जागेत पाणी भरले होते, दिसायला गुडघाभर. दीर म्हणाले, "हात धरा, पाच मिनिटांत पार होऊ." पुतणी पाण्यात उतरलीही. सासूबाई दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "कोणी जायचं नाही. पोरी, वर ये." दीरांनी आवाज चढवला. मुलापुढे कधी शब्द न काढणारी ही बाई. पण जागची हलली नाही. "खाली खडक दिसतो का तुला? मग पाय कुठं ठेवशील?"

दीर चिडून एकटेच पुढे गेले. वीस पावलांवर कपारीत पाय गेला आणि कमरेपर्यंत बुडाले. सावरले, परत आले, काही बोलले नाहीत. शेवटी घोडागाडी मिळाली. घोड्याच्या पोटाला पाणी लागत होते. गाडीवाल्याने जास्त पैसे मागितले, ते मुकाट्याने दिले.

त्या संध्याकाळी किनाऱ्यावर बसून मी मुलांना 'पद्मावती' बोटीची हकीकत सांगितली. २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब दोनएकशे प्रतिनिधींसह मुंबईहून त्या बोटीने निघाले ते याच किनाऱ्यासमोरून दक्षिणेला गेले. धरमतरवरून रस्ता जवळचा होता, पण मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तर अडकून पडू, म्हणून समुद्राची वाट धरली. रात्री हरिहरेश्वरला मुक्काम, २५ ला दुपारी दासगाव, आणि तिथून पाच मैल पायी महाड. चवदार तळ्याचे पाणी त्याच वर्षी २० मार्चला घेऊन झाले होते. ही दुसरी खेप.

मुले बोट कुठून गेली असेल ते बोटाने दाखवू लागली. पुतणीने विचारले, "त्यांना पण जागा मिळाली नसती का?" सासूबाई म्हणाल्या, "म्हणून तर पाण्यावरून गेले."

परतीच्या एस.टी.त दीरांनी आईला खिडकीजवळ बसवले. पेण येईपर्यंत त्या गप्प होत्या. मग कंडक्टर तिकिटे फाडत आला तेव्हा त्याला विचारले, "महाडच्या गाडीला दासगावला थांबा आहे का हो?"