खुशखबर कधी?

निकाहला सहा महिने झाले की सासरी विचारणा सुरू होते, ‘काही खुशखबर?’ उत्तर मियाँ-बीवीने ठरवायचे, खाला-फुफूंनी नव्हे. मात्र ठरले की लगेच घाई नको. किमान एक महिना आधीपासून बीवीने डॉक्टरांना विचारून फोलिक ॲसिड सुरू करावे, साधारणपणे रोज 400 मायक्रोग्रॅम. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर 28 दिवसांत मिटते. तोवर दिवस गेल्याचे कित्येकींना कळलेलेही नसते.

थॅलेसेमियाची रक्ततपासणीही आधीच करा. चुलत-मामे नात्यात निकाह झाला असेल तर मुळीच टाळू नका. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. वाहक स्वतः धडधाकट दिसतो, म्हणून ‘मला काय झालंय?’ हे मियाँचे नेहमीचे उत्तर इथे चालत नाही.