ओटीपी कुणालाच दिला नाही, तरी लॉगिन गेलं

सायबर जागृतीचा कार्यक्रम हिंगोलीत असो की सेनगावात, फलकावरचा मजकूर ठरलेला. ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, साइटचा पत्ता नीट बघा. सल्ला चांगलाच आहे. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा बनावट साइट निघाल्या. त्यावर पत्ता बघणं हाच उपाय होता. पण या सल्ल्यात एक गोष्ट गुपचूप गृहीत धरलेली असते, ती म्हणजे खरी साइट म्हणजे सुरक्षित साइट. माझा आक्षेप तिथं आहे.

क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग नावाचा एक दोष आहे. कॉम्प्युटरवाले त्याला एक्सएसएस म्हणतात. हे नाव २००० सालापासून चालू आहे, म्हणजे नवीन काही नाही. सोप्या भाषेत सांगायचं तर, ऑनलाइन फॉर्ममध्ये नाव, पत्ता, शेरा असे रकाने असतात. त्यात कुणी नावाऐवजी प्रोग्रामचा तुकडा लिहिला आणि साइटनं तो जसाच्या तसा पुढच्या माणसाच्या स्क्रीनवर मांडला, तर त्याचा ब्राउझर त्याला मजकूर समजत नाही, हुकूम समजतो. साइट खरी, म्हणजे हुकूमही साइटचाच, असं धरून तो पाळतो.

आता हे आपल्या तालुक्यात आणून बघा. कुणीतरी अर्ज भरला. तो छाननीला कार्यालयातल्या माणसाकडे गेला. त्यानं सकाळीच आयडी, पासवर्ड, ओटीपी सगळं रीतसर टाकलेलं आहे. तो अर्ज उघडतो. स्क्रीनवर वेगळं काहीच दिसत नाही. पण साइटमध्ये हा दोष असेल, तर मागच्या मागं त्याच्या अधिकारानं चार अर्ज मंजूर होऊ शकतात, कुणाचा तरी बँक खाते क्रमांक बदलू शकतो. नोंदीत नाव त्याचं, वेळ कार्यालयाची, मशीनही कार्यालयाचं.

मग ओटीपी कुठं गेला? ओटीपीचं काम मोंढ्याच्या गेटवरच्या पावतीसारखं. हळदीची गाडी आत येताना पावती फाडली की नंतर आत दिवसभर कुणी विचारत नाही. लॉगिन झाल्यावर साइटही ब्राउझरला अशी एक पावती देते, तिला सेशन म्हणतात. स्क्रिप्टला तुमचा पासवर्ड नकोच असतो. ती एकतर पावती चोरते, नाहीतर पावतीवाल्याच्या खिशात बसूनच व्यवहार उरकते.

आणि आपल्याकडं ही पावती किती वेळ चालू राहते, ते कोणत्याही सेवा केंद्रात जाऊन बघा. सकाळी नऊला लॉगिन, रात्री दुकान बंद होईपर्यंत तेच. कारण ओटीपी येतो मालकाच्या मोबाइलवर आणि मालक गेलेला असतो शेतात. एका आयडीवर दोन-तीन पोरं काम करतात. शेवटची तारीख जवळ आली की बाहेर रांग, सर्व्हर लटकलेला. अशात लॉगआउट करणारा माणूस वेडाच म्हणायचा. पोरांना नावं ठेवून उपयोग नाही, व्यवस्थाच तशी लावलेली आहे.

हे सगळं कल्पनेतलं वाटत असेल तर जुना दाखला देतो. ऑक्टोबर २००५ मध्ये अमेरिकेत सॅमी कामकार नावाच्या तरुणानं मायस्पेस या साइटवर स्वतःच्या प्रोफाइलमध्ये असाच तुकडा टाकला. जो बघेल त्याच्या खात्यातून सॅमीला आपोआप मैत्रीची विनंती जायची आणि तो तुकडा बघणाऱ्याच्या प्रोफाइलमध्येही उतरायचा. वीस तासांत दहा लाखांहून जास्त खाती. एकाचाही पासवर्ड चोरलेला नव्हता.

दुसरा प्रकार थेट लॉगिनच्या पानावरचा. आयडी चुकला की काही साइट तोच आयडी परत दाखवून ‘हा आयडी सापडला नाही’ असं सांगतात. हा मजकूर लिंकमधून येत असेल आणि साइट तो तसाच मांडत असेल, तर लिंकमध्येच स्क्रिप्ट बांधून पाठवता येते. पत्ता खरा, कुलपाचं चिन्ह खरं, फक्त पासवर्डची चौकट चोराची. आता सांगा, पत्ता नीट बघणाऱ्या माणसानं काय चूक केली?

जानेवारी २०१९ मध्ये चेक पॉइंट कंपनीच्या संशोधकांनी फोर्टनाइट गेमबद्दल जे दाखवलं, ते तर आपल्या सरकारी खात्यांनी भिंतीवर लावावं असं आहे. एपिक गेम्सनं २००४ च्या एका जुन्या गेमच्या आकडेवारीचं पान तसंच चालू ठेवलं होतं. कुणाला आठवणही नसेल. त्या पानात एक्सएसएस निघालं. फोर्टनाइटचं लॉगिन फेसबुक, गूगलच्या खात्यावरूनही होत असल्यानं, लॉगिननंतर मिळणारं टोकन त्या पडीक पानाकडं वळवता येत होतं. खेळणाऱ्यानं लिंकवर एक टिचकी मारली की खातं गेलं. कंपनीनं ते भगदाड नंतर बुजवलं. आपल्याकडं एकाच लॉगिनवर सगळ्या सेवा द्यायच्या चालल्यात, सोय म्हणून ते बरंच आहे. पण बंद पडलेल्या योजनांची जुनी पानं त्याच पत्त्याखाली उघडी असतील, तर एका पडक्या खोलीमुळं सगळा वाडा उघडा.

एक लॉगिन चुकीच्या हाती गेल्यावर काय होतं, ते शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यानं २०२५ मध्ये पाहिलं. आर्णी तालुक्यातलं शेंदुरसनी, लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास. त्या ग्रामपंचायतीच्या नावावर सत्तावीस हजारांहून जास्त जन्मनोंदी निघाल्या. तिथं एक्सएसएस होतं असं मी म्हणत नाही. मुद्दा एवढाच की अशा वेळी पहिलं बोट ज्याच्या नावाचा आयडी त्याच्याकडं जातं. ग्रामसेवक, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), नाहीतर केंद्र चालवणारं पोरगं. ‘मी केलं नाही’ हे त्यानं सिद्ध करायचं कसं? लॉगमध्ये तर त्याचंच नाव आहे.

उपाय अवघड नाहीत, याचाच राग येतो. वापरणाऱ्यानं लिहिलेला मजकूर पानावर मांडताना त्यातली < सारखी चिन्हं निरुपद्रवी करून मांडायची, हा पहिला नियम. सेशनची पावती स्क्रिप्टला वाचताच येणार नाही अशी ठेवायची. पानावर कुठली स्क्रिप्ट चालेल याची यादी ब्राउझरला आधीच द्यायची. आणि खातं बदलणं, मंजुरी देणं अशा कामाला पुन्हा ओळख विचारायची.

त्याऐवजी आपल्याकडं काय करतात? ‘विशेष चिन्हे चालणार नाहीत.’ बस. मग गट नंबर ४५/२/अ टाकला की फॉर्म लाल होतो आणि शेतकरी तीनदा चकरा मारतो. तिरकी रेघ अडवून आत येणारा मजकूर गाळला म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्यानं आजार ओळखलेलाच नाही.

कुणी म्हणेल, सरकारी साइटचं ऑडिट होतंच की. होतं. सर्ट-इनच्या यादीतल्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. पण योजनेचे निकष मधेच बदलतात, रकाना वाढतो, शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री पान बदललं जातं. ऑडिट झालेलं पान आणि आज चालू असलेलं पान एकच आहे, हे कोण बघतं?

दोष सापडला तर सांगायचा कुणाला, हा आणखी एक घोळ. आनंद प्रकाश या भारतीय तरुणानं २०१६ मध्ये फेसबुकच्या पासवर्ड बदलण्याच्या पद्धतीतला दोष कळवला, तर कंपनीनं त्याला १५ हजार डॉलर दिले. आपल्या कळमनुरीच्या एखाद्या डिप्लोमाच्या पोराला सरकारी साइटमध्ये असं काही दिसलं तर तो गप्प बसेल. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ ची भीती आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. कलम ६६ ला अप्रामाणिक हेतू लागतो, हे खरं. पण ते ठाण्यात बसून कोण समजावणार? सर्ट-इनकडं कळवायची सोय आहे, ती त्या पोराला कुणी सांगितलेली नाही. प्रत्येक पोर्टलच्या तळाशी ‘दोष इथे कळवा, प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही’ अशी एक ओळ टाकायला किती खर्च येतो?

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हलगर्जीपणाला २५० कोटींपर्यंत दंड आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण सुरक्षेच्या तरतुदींना दीड वर्षाची मुदत दिलेली आहे. तोवर थांबायचं कारण नाही.

मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. ऑडिटचा अहवाल मागितला तर सुरक्षेचं कारण देऊन नाकारतील, म्हणून चारच प्रश्न. पोर्टलचं शेवटचं सुरक्षा ऑडिट कोणत्या तारखेला झालं? त्यानंतर पानांमध्ये किती वेळा बदल केले? बदलानंतर फेरतपासणी झाली का? आणि दोष कळवण्यासाठी जबाबदार अधिकारी कोण? दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो. वसमत, औंढा, सेनगाव, कळमनुरीतून कुणाला टाकायचा असेल तर प्रश्न इथूनच उचला, मला विचारायची गरज नाही.