कासदाहाचे औषध निकामी का होते?

दिंद्रुड व भोवतालच्या गावांत शेतीस दुधाची जोड देणारे कास्तकार पुष्कळ आहेत. गाईची कास सुजली की दुकानातून पेनिसिलिन आणून स्वतःच टोचावयाचे, सूज उतरताच पुढील सुया बंद करावयाच्या, आणि दूध मात्र त्याच सायंकाळी संकलन केंद्रावर घालावयाचे, ही रीत आता कोणास वावगी वाटत नाही. आमच्या मते ती गोठ्याचेच नव्हे, तर घरातील माणसांचेही नुकसान करणारी आहे.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. जंतूच्या अंगाभोवती भिंत असते. ती बांधणाऱ्या गवंड्याचा हातच पेनिसिलिन अडकवून ठेवते, आणि भिंत कच्ची राहून जंतू फुटतो. औषधाचा हा सारा गुण त्यातील चार अणूंच्या एका लहानशा कड्यात आहे. काही जंतू असे विकर तयार करतात की ते पाण्याच्या साहाय्याने हे कडेच तोडते. भाकरीचा घास बराच वेळ चावला असता गोड लागतो, तेही लाळेतील विकराचेच काम होय. विकर स्वतः खर्ची पडत नाही. सबब त्याचा एकच कण एकामागून एक असंख्य कडी तोडीत जातो.

हे विकर अब्राहम व चेन या शास्त्रज्ञांनी 1940 साली, म्हणजे पेनिसिलिन सर्रास वापरात येण्यापूर्वीच, नोंदविले होते. हत्यार जंतूंपाशी आधीच होते. आपल्या मोकाट वापराने साधे जंतू मेले, रान मोकळे झाले, व त्यात हत्यारबंद जंतूंचे पीक माजले. अपुऱ्या मात्रेच्या या धोक्याचा इशारा पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग यांनी 1945 सालीच दिला होता. शिवाय एका जातीचा जंतू ही विद्या दुसऱ्या जातीस देऊ शकतो. मग गोठा व घर यांत कुंपण उरत नाही. 2009 साली जगापुढे आलेले व नवी दिल्लीचे नाव मिळालेले विकर तर इस्पितळांनी राखून ठेवलेली कार्बापेनेम औषधेही मोडते. कोलिस्टिन हे शेवटच्या आधाराचे औषध जपण्यासाठी केंद्र सरकारने 2019 साली ते खाद्योपयोगी जनावरांस व कोंबड्यांस देण्यास मनाई केली, ती याच भीतीने.

तेव्हा शेतकरी बंधूंनी पशुवैद्यकावाचून सुई टोचू नये. त्यांनी सांगितलेली मात्रा व दिवस पाळावे. आणि ते सांगतील तितके दिवस ते दूध केंद्रावर घालू नये, घरीही वापरू नये. रोजच्या पहिल्या धारा काळ्या फडक्यावर काढून गाठी दिसतात का ते पाहावे, धार काढल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावे, व आजारी गाईची धार शेवटी काढावी. दुखणेच टळले तर औषधाचा प्रश्नच उरत नाही.

परंतु सारा उपदेश शेतकऱ्यासच करणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. दूध ओतून देणे म्हणजे त्या दिवसांची मिळकत बुडविणे होय. जो प्रामाणिकपणे दूध वेगळे ठेवतो त्याचेच नुकसान, व जो गुपचूप घालतो त्यास पूर्ण भाव, हा व्यवहार फार दिवस चालू देता येणार नाही. प्रत्येक दूध संस्थेने औषधाचा अंश तपासण्याची सोय केंद्रावर करावी, आणि आगाऊ कळविणाऱ्या सभासदाच्या तोट्याचा काही भाग नफ्यातून सोसावा. हा खर्च धर्मादाय नव्हे; उद्या आपल्याच लेकरास सुई लागू पडावी म्हणून आज भरलेला तो हप्ता आहे.