‘इतरांची साथ चांगली’

नाटकाचे वा चित्रपटाचे परीक्षण लिहिणारांनी एक वाक्य कायमचे घडवून ठेवले आहे. नायकाच्या अभिनयास दोन परिच्छेद द्यावयाचे, नायिकेस एक, आणि शेवटी लिहावयाचे, ‘इतरांची साथ चांगली.’ हे इतर कोण, त्यांनी काय केले, ते नसते तर नायकाची काय गत झाली असती, याचा विचार करण्याची तसदी आमचा रसिक म्हणविणारा वर्ग सहसा घेत नाही. लहान भूमिका करणारा तो लहान नट, आणि लहान नट म्हणजे नायक होण्याचे राहून गेलेला अभागी जीव, असे या वर्गाचे सोपे गणित आहे. हे गणित चुकीचे तर आहेच, पण अन्यायाचेही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्या हॉलिवूडकडे बोट दाखवून नायकपूजेचे समर्थन केले जाते, तेथलाच दाखला घेऊ. वॉल्टर ब्रेनन हा नट १९२० नंतरच्या दशकात गर्दीत उभा राहणारा, नामावलीत नाव न येणारा असा होता. पुढे १९३६, १९३८ आणि १९४० या सालांच्या चित्रपटांतील कामांबद्दल त्यास तीन वेळा ऑस्कर पारितोषिक मिळाले, आणि तिन्ही वेळा ते साहाय्यक भूमिकेसाठी होते. हे पारितोषिकच मुळी १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू झाले. त्यापूर्वी साहाय्यक नटांस वेगळे स्थान नव्हते, आणि नंतरही १९४४ चा समारंभ येईतो त्यांस पूर्ण आकाराच्या पुतळीऐवजी पाटीच दिली जाई. म्हणजे सन्मान करतानासुद्धा पायरी राखली होती! तथापि हॉलिवूडने आपली चूक निदान सुधारली. आम्ही तिचे अनुकरण तेवढे चालू ठेविले आहे.

परंतु उदाहरणासाठी सातासमुद्रांपलीकडे जाण्याचे कारण नाही. गोंदिया–बल्लारशाह लोहमार्गावर चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही हे गाव आहे. त्या तालुक्यातील नवरगावापासून गडचिरोलीतील वडशापर्यंत, आणि पलीकडे भंडारा-गोंदियापर्यंत, झाडीपट्टीची रंगभूमी पसरलेली आहे. धान घरी आले, मंडई भरू लागली, शंकरपट सुरू झाले, की नाटकांचा हंगाम उभा राहतो. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. अशा प्रयोगात एकट्या नायकाच्या बळावर थंडीत बसलेला समुदाय कोण धरून ठेवील? मध्यरात्र उलटल्यावर पेंगणाऱ्या प्रेक्षकास जागे करतो तो विनोदी नोकर. लेकीच्या पाठवणीत बायाबापड्यांस डोळे पुसावयास लावतो तो म्हातारा बाप. आणि पोरे ज्यास दुसऱ्या दिवशी गल्लीत नावे ठेवतात तो खलपुरुष. हे सर्व आमच्या परीक्षकांचे ‘इतर’ होत.

गडचिरोलीचे परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या नावावर पाच हजार प्रयोग आणि आठशे भूमिका असल्याचे प्रसिद्ध झाले. आठशे भूमिका! महानगरातील कोणत्या नायकाने एवढ्या निरनिराळ्या माणसांस अंगावर वागविले आहे? तरीही त्यांची ओळख करून देताना ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’ असेच म्हणण्याची पद्धत पडली. दादा कोंडके थोर खरे. पण आठशे भूमिका करूनही ज्यास दुसऱ्याच्या नावाने ओळखावे लागते, त्याचे आम्ही नीट निरीक्षणच केले नाही, असा त्याचा अर्थ होतो.

यावर आक्षेप येईल की, झाडीपट्टीचे नाटक भडक असते, गाण्यांनी लांबते, त्यातील विनोद कित्येकदा ग्राम्य असतो. असेल. दोष दाखविणे हे परीक्षकाचे कामच आहे. मात्र दोष दाखविण्यासाठीही आधी नाटक पाहावे लागते, आणि चांगल्या-वाईटाची निवड करण्यासाठी नटाचे नाव ठाऊक असावे लागते. न पाहता नाके मुरडणे ही अभिरुची नव्हे, तो आळस होय. आणखी एक गोष्ट. शहरातील पडद्यावर झळकलेला चेहरा चार प्रयोगांपुरता आणला, की भित्तिपत्रकावर तोच ढोबळ अक्षरांत येतो, आणि हंगामभर राबणारी मंडळी कोपऱ्यात दाटीवाटीने उभी केली जातात. या दोषाचे खापर मात्र शहरी परीक्षकावर फोडता येणार नाही. ते मंडळ्यांच्या चालकांनी आपल्या माथी घ्यावे.

आमचे मागणे फार नाही. परीक्षकांनी प्रत्येक लेखात निदान दोन दुय्यम नटांची नावे घेऊन त्यांच्या कामाची चिकित्सा करावी. चालकांनी भित्तिपत्रकावर प्रत्येक नटाचे नाव, त्याच्या गावासह, वाचता येईल अशा अक्षरांत छापावे. गडचिरोलीस २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. वृद्ध नटांच्या तोंडून त्यांच्या भूमिकांच्या नोंदी उतरवून घेण्याचे काम त्याच्या दाराशीच आहे. नाटक रात्रीत संपते आणि नट एका पिढीत. त्यांची नावे लिहून ठेवली नाहीत, तर उद्या आमच्या रंगभूमीचा इतिहास मूठभर नायकांची वंशावळ होऊन बसेल, आणि त्यात ज्यांनी खरोखर रंगभूमी तोलून धरली त्यांच्या वाट्यास तेच एक वाक्य येईल. ते वाक्य यापुढे कोणी लिहू नये.