वडखळचा तिठा

मुंबईहून अलिबागेस जाणारा मनुष्य पळस्पे, खारपाड्याचा पूल, हमरापूर, रामवाडी अशी ठाणी मागे टाकीत पेणच्या पुढे येतो. आणि जेथे गोव्याचा महामार्ग दक्षिणेकडे निघून जातो व अलिबागचा रस्ता पश्चिमेस धरमतरच्या पुलाकडे वळतो, त्या वडखळच्या आसमंतात शनिवार-रविवारी, गणपतीच्या आधीच्या दिवसांत आणि वर्षअखेरीस तो इतका खोळंबतो की सबंध प्रवासाची आठवण म्हणून तेवढा खोळंबाच त्याच्यापाशी उरतो. याचे खापर वाहनांच्या संख्येवर फोडण्याचा प्रघात आहे. वाहने वाढली हे निर्विवाद. परंतु रस्ता म्हणजे दोन दूरच्या शहरांमधली सरळ रेघ आणि तिठा म्हणजे त्या रेघेतला एक व्यत्यय, ही जी समजूत आमच्या नकाशांच्या मुळाशी बसली आहे, तीच या कोंडीची जननी आहे असे माझे मत आहे.

एके काळी मुंबईची आगबोट धरमतरच्या बंदराला लागत असे आणि तेथे उतरलेले उतारू पेणकडे व पुढच्या गावांकडे मार्गस्थ होत. अंबा नदी ओलांडून अलिबाग तालुक्यात जायचे तर तरीवाचून गत्यंतर नव्हते. पुलाने ही परवड संपवली. रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन काठावर ताटकळलेल्या कुटुंबांना त्या पुलाचे मोल विचारावे. मात्र तरीच्या त्या व्यवस्थेत एक गुण होता, तो पुलाच्या आखणीत कोणी जमेस धरला नाही. पलीकडचा अरुंद रस्ता जितकी वाहने पोटात घेऊ शकेल त्याहून अधिक वाहने तरीची होडी एका वेळी पलीकडे सोडूच शकत नसे. प्रवाह कोठे, किती आणि कोणत्या वेगाने सोडावा, हा वाहतुकीच्या शास्त्रातला मूळ प्रश्न आहे, आणि वडखळला तो आजतागायत अनुत्तरित आहे.

पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करण्याचे काम २०११ साली सुरू झाले. भूसंपादन, कर्नाळ्याच्या अभयारण्याची परवानगी, ठेकेदारांची अदलाबदल, मुदतीमागून मुदती आणि उच्च न्यायालयापुढील जनहित याचिका, असा त्याचा इतिहास कोकणातल्या प्रत्येक घराला पाठ आहे. त्याची उजळणी येथे करीत नाही. वडखळला बाहेरवळण झाले आणि गोव्याकडे जाणाऱ्याला गावातल्या नाक्यातून मोकळीक मिळाली, हे मान्य केले पाहिजे. पण अलिबागकडे जाणाऱ्याचे काय झाले? दोन पदरांवरून वेगाने आलेला वाहनांचा ओघ वळणावर एका पदरात शिरतो, म्हणजे वाहून नेण्याची शक्ती निम्म्यावर येते, आणि जितकी वाहने मागून येतात तितकी पुढे जाऊ शकत नाहीत. वडखळ ते अलिबाग हे सुमारे २२ किलोमीटरचे अंतर कागदोपत्री राष्ट्रीय महामार्ग असले तरी वर्तणुकीने तो तालुक्याचाच रस्ता आहे. पूर्वी नाक्यावर उभी राहणारी रांग आता धरमतरच्या पुलावर, पेझारीला, पोयनाडच्या बाजारपेठेत उभी राहते. जेथे पेणच्या तालुक्याचा त्रास संपला तेथे अलिबागच्या तालुक्याचा वाढला, आणि दोन्ही तालुके मिळून बेरीज पूर्वीइतकीच राहिली.

त्यात डोलवीच्या पोलाद कारखान्याची अवजड वाहतूक. धरमतरच्या धक्क्यावर खनिज आणि कोळसा बार्जमधून येतो, ही फार मोठी सोय होय. तो सारा माल रस्त्याने आला असता तर महामार्ग केव्हाच बंद पडला असता. परंतु कारखान्याची क्षमता वर्षाला ५० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली, तेव्हा तयार पोलाद बाहेर नेणाऱ्या मालमोटारी थांबणार कोठे, वळणार कोठे, याची तजवीज तिठ्याच्या नकाशात असणे अगत्याचे होते. तसेच जमिनीचे. हा प्रदेश खारजमिनीचा आहे. मऊ गाळाच्या मातीवर घातलेला भराव वर्षानुवर्षे खचत राहतो, आणि खोल खांबांवर उभा असलेला पूल मात्र खचत नाही. म्हणून पूल आणि भराव जेथे भेटतात तेथे पायरी पडते व प्रत्येक वाहन तेथे वेग मारते. पुढच्याने वेग मारला की मागच्याला थांबावे लागते, आणि पुष्कळ मागे असलेल्या एस.टी.तल्या उतारूला आपण कशासाठी थांबलो हे शेवटपर्यंत उमगत नाही.

बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीने रस्ते हा साऱ्या देशाच्या विचाराचा विषय ठरवला. पुढे १९४३ साली नागपुरास भरलेल्या परिषदेत राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्राम अशी रस्त्यांची वर्गवारी झाली. ती दूरदर्शी होती. प्रत्येक रस्त्याला तिने धनी दिला. पण भिन्न धन्यांचे रस्ते जेथे मिळतात ती जागा कोणाच्या दप्तरात नोंदवायची, हे आजही व्यवहारात ठरलेले दिसत नाही. गटार एका खात्याचे, थांबा दुसऱ्याचे, दिवा ग्रामपंचायतीचा, अतिक्रमण महसुलाचे आणि शिटी पोलिसांची. तक्रार घेऊन गेलेला गावकरी या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहतो.

१९२९ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या वुडब्रिज येथे चार पाकळ्यांचा तिथला पहिला छेदमार्ग झाला, तेव्हापासून पूल व वळणरस्ते यांची अशी रचना जगभर गेली. ज्या देशात रस्त्यावर बहुतेक मोटारीच धावतात तेथे ती शोभली. आमच्याकडे त्याच फर्लांगभर जागेत मालमोटार, दुचाकी, मिनीडोर रिक्षा, पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन बसलेल्या बाया आणि रस्ता ओलांडणारी शाळेची मुले असतात. गोव्याला जाणाऱ्याची मोजणी होते. पलीकडच्या थांब्यावर जाणाऱ्याची होत नाही. ज्याची मोजणी नाही त्याच्यासाठी भुयारी वाट नाही, आणि वाट नाही म्हणून तो दुभाजकावरून चढून जातो. हा त्याचा बेशिस्तपणा आहे असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि मुंबईची मोटार पूर्वीपेक्षा लवकर चिर्ल्याला, म्हणजेच आमच्या दाराशी, येऊ लागली. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी रो-रो नौका काही भार उचलते. तिच्या फेऱ्या वाढाव्यात. आता बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासून बोलला जाणारा रेवस-करंजा पूलही धरमतर खाडीच्या मुखाशी हाती घेतला गेला आहे. त्याचे मी मनापासून स्वागत करतो. पण तो रेवसला उतरल्यावर तेथून अलिबागेस जाणारा रस्ता चोंढीच्या नाक्यासारख्या वस्त्यांमधूनच जाणार आहे. वडखळला जे सरतेशेवटी आठवले ते तेथे आधी आठवावे. मिळणारे तिठे, थांबे, मोऱ्या आणि पादचाऱ्यांच्या वाटा यांचे नकाशे पुलाचे काम संपण्यापूर्वी वाटेवरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावेत, आणि हरकती नोंदवण्यास किमान एका पावसाळ्याची मुदत द्यावी. पाणी कोठे तुंबते हे खारपट्ट्यातला शेतकरी अधिकाऱ्याला जागेवर नेऊन तेव्हाच दाखवू शकतो.