आधी तारीख ठरवा, मग खोका फोडा

गेल्या रविवारी भाच्याचा फोन. "मामा, एअरफिक्सचं जुनं 'कोसॅक' मिळालंय. पितळी कठड्यांचा संचही मागवतो, म्हणजे मॉडेल सुधारेल."

मी विचारलं, "कुठल्या दिवसाचं 'कोसॅक' करणार?"

पलीकडे शांतता. माझं भांडण आहे ते या शांततेशी.

'कोसॅक' ही ब्रिटिश नौदलाची ट्रायबल वर्गातली विनाशिका. १६ फेब्रुवारी १९४० च्या रात्री नॉर्वेच्या खाडीत शिरून तिच्या खलाशांनी 'आल्टमार्क' या जर्मन जहाजावरून २९९ कैदी सोडवले. तेव्हा तिच्यावर ४.७ इंची तोफांच्या चार जोड्या होत्या. पुढे मागच्या दोनपैकी वरची जोडी काढून तिथे विमानांवर मारा करणाऱ्या ४ इंची तोफा बसवल्या. ऑक्टोबर १९४१ मध्ये पाणबुडीच्या टॉर्पेडोने ती बुडाली, ती या बदललेल्या रूपात. आता 'आल्टमार्क'ची पाटी लावून वर ४ इंची तोफा बसवणं म्हणजे पानिपतच्या चित्रात आगगाडी काढणं!

आणि ते पितळ? १:६०० प्रमाणात ११५ मीटरचं जहाज जेमतेम १९ सेंटिमीटर भरतं. तिथे एक मिलिमीटर म्हणजे ६० सेंटिमीटर. पट्टी ०.१ मिलिमीटर जाडीची असली तरी खऱ्या जहाजावर ती ६ सेंटिमीटरची होते. कठड्याची तार एवढी जाड असते का हो? कठडे हवेतच तर १:३५० चं किट घ्या, तिथे ते शोभतात. छोट्या किटला फोटो समोर ठेवून जाड डोलकाठी काढा, मेणबत्तीवर ताणलेल्या प्लॅस्टिकच्या काडीची नवी लावा, सांधे पुटीने भरा. खर्च जवळजवळ शून्य.

कोणी म्हणेल, मास्तर, खेळणं आहे, एवढं काय? कबूल करतो, माझं पहिलं 'कोसॅक' असंच दोन सालांचं कडबोळं होतं. सनावळी चुकली म्हणून पोरांचे गुण कापणारा मी! ते कपाटात अजून आहे, मुद्दाम ठेवलंय. पण त्या जहाजाबरोबर दीडशेहून अधिक माणसं गेली. त्यांचं जहाज निदान होतं तसं दाखवावं, एवढं देणं आपण लागतो.

असो. भाच्याने अजून पितळ मागवलेलं नाही. फोटो शोधतोय म्हणे.