पऱ्हाटीत उभा असलेला कामगार

सप्टेंबरमध्ये रोहिणखेडच्या शिवारात शिरले की माणूस दिसण्याआधी वास येतो. बुलडाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातले हे घाटाच्या पायथ्याचे गाव. कपाशी पातीवर आलेली असते आणि कुठल्या तरी धुऱ्याआड पंप चालू असतो. पाठीवर सोळा लिटर पाणी, अंगात घामाने आणि गळक्या पंपाने भिजलेला शर्ट, तोंडाला रुमाल, पायात बहुतेक वेळा काहीच नाही. काय चालले आहे असे विचारले तर एकच उत्तर मिळते: औषध मारतोय.

या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. आपल्याकडे कीटकनाशकाला कोणी विष म्हणत नाही. दुकानदार औषध देतो, शेतकरी औषध आणतो, मजूर औषध मारतो. तोच मजूर चक्कर येऊन पडला आणि दवाखान्यात पोचला, की डॉक्टरांच्या कागदावर ‘विषबाधा’ हा शब्द उमटतो. बाटली दुकानातून शेतात येईपर्यंत तिचे खरे नाव कोणीच घेत नाही, आणि ज्याच्या हातात ती शेवटी पडते त्याला ते कोणी सांगतही नाही.

२०१७ च्या खरिपात त्याची किंमत मोजावी लागली. त्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. काहींची दृष्टी अंधुक झाली, काहींना खाटेला बांधून ठेवावे लागले. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या डोक्यापर्यंत गेली होती, त्यामुळे फवारा खाली पिकावर पडण्याऐवजी थेट तोंडावर येत होता. गुलाबी बोंडअळी आटोक्यात येईना म्हणून दोन-तीन कीटकनाशके एकाच पंपात मिसळली जात होती. जास्त जोराने फवारणारे नवे पंप आले होते, हवा दमट होती, ऊन कडक होते. घामाने ओल्या झालेल्या कातडीतून असे विष झपाट्याने अंगात जाते. तोंडाला रुमाल बांधला म्हणजे झाले, ही समजूत म्हणूनच घातक आहे. खरे दार पाठ, मांड्या आणि हात हे असते.

सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. मृतांच्या कुटुंबांना दोन लाख रुपयांची मदत जाहीर झाली. नोव्हेंबरमध्ये मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी आली. ती ज्या पाच जिल्ह्यांत होती त्यांत बुलडाणाही होता. पण नोव्हेंबरपर्यंत फवारणीचा हंगाम सरत आलेला असतो. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्राने देशभर बंदी घातली ती २०२३ मध्ये, आणि तीही शिल्लक साठा मुदत संपेपर्यंत विकण्याची मुभा ठेवून. भाजीपाल्यावर ते मारू नये, हे २००५ सालीच ठरले होते. खाणाऱ्याची काळजी मारणाऱ्याच्या आधी अठरा वर्षे घेतली गेली.

२०१७ मध्ये एक युक्तिवाद फार ऐकू आला: मजुरांनी हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, चूक त्यांचीच. हा युक्तिवाद कायद्यालाच मान्य नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणी करणाऱ्याच्या अंगावर पुरेसे संरक्षक कपडे असले पाहिजेत असे लिहिले आहे. खबरदारी कशी घ्यायची आणि साधने कशी वापरायची याचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी उत्पादक, वितरक आणि फवारणीचे काम करवून घेणाऱ्यांवर टाकली आहे. नियम पन्नास वर्षांहून जुना आहे. कृषी केंद्राच्या काउंटरवर बाटलीबरोबर पावती मिळते. प्रशिक्षण मिळालेला फवारणी मजूर मात्र शोधूनही सापडायचा नाही.

यात रोजंदारीचा हिशेबही आडवा येतो. बऱ्याच गावांत फवारणीची मजुरी पंपावर ठरते. जितके पंप जास्त तितके पैसे जास्त. मग वारा फिरला तरी माणूस थांबत नाही, नोझल तुंबले तर तोंडाने फुंकून मोकळे करतो आणि जेवायला बसताना हात धुण्यात वेळ घालवत नाही. घाईला बक्षीस देणारा दर ठरवायचा आणि नंतर सावधगिरीची अपेक्षा धरायची, हे जमणारे नाही. ज्यांना मजुरांची खरोखर काळजी आहे त्यांनी फवारणी तरी दिवसाच्या मजुरीवर द्यावी, सकाळी लवकर सुरू करून ऊन चढण्याआधी थांबवावी. बाजारातले प्लास्टिकचे पूर्ण पोशाख आपल्या उकाड्यात अर्धा तासही अंगावर ठेववत नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. पण पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, पाठीवर प्लास्टिकचा कागद, रबरी हातमोजे, गमबूट, धुऱ्यावर साबण आणि दोन घागरी पाणी यांचा खर्च एका बाटलीच्या आसपासच येतो. आणि मजुराला त्रास होऊ लागला तर बाटली किंवा तिचे लेबल दवाखान्यात सोबत न्यावे. सगळ्या विषांवर एकच उतारा चालत नाही. काहींवर अॅट्रोपिन लागू पडते, काहींवर खास उताराच नसतो. कुठले विष अंगात गेले हे डॉक्टरांना लेबलच सांगते.

ऑक्टोबर आला की धोका जागा बदलतो. सोयाबीनच्या सुड्या लागतात आणि मळणी यंत्र एका शेतातून दुसऱ्या शेतात रात्रीबेरात्री फिरते. पेंढी आत ढकलताना हात ओढला जातो, फिरत्या शाफ्टमध्ये ओढणी किंवा पदर अडकतो. दरवर्षी हंगामात अशा बातम्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येतात. याच्यासाठीही कायदा आहे: १९८३ चा धोकादायक यंत्रे नियमन कायदा. तो मुख्यत्वे मळणी यंत्रांमुळे होणाऱ्या अपघातांसाठी झाला आणि त्यात जखमी मजुराच्या भरपाईची तरतूद आहे. घास टाकण्याचे तोंड लांब आणि वरून झाकलेले असले, शाफ्टवर आवरण असले, तर हात पात्यांपर्यंत पोचतच नाही. भाड्याने यंत्र आणणाऱ्याने दर विचारण्याआधी ते आवरण जागेवर आहे का, एवढे पाहावे.

कामावर जाण्यायेण्याचा प्रवासही यातून सुटत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यातल्या तढेगावजवळ, समृद्धी महामार्गाच्या कामावरचे मजूर लोखंडी सळ्या भरलेल्या टिप्परमधून नेले जात होते. टिप्पर उलटला आणि तेरा जण सळ्यांखाली गेले. तिथे कंत्राटदार होता, कायदा लागू होता, तरी हे झाले. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात शेतमजूर बायांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर विहिरीत पडून सात जणी बुडाल्या. शेतात तर कंत्राटदारही नसतो आणि तपासनीसही.

याहून मोठा प्रश्न नोंदीचा आहे. कारखान्यात कामगाराचे बोट तुटले तर मालकाला ते कळवावे लागते, रजिस्टर असते, तपासणी होते. शेतातल्या अपघाताची अशी नोंद कुठेही होत नाही. रोहिणखेडचे नाव इतिहासात आले ते निजामशाहीच्या काळातल्या लढाईमुळे. त्या लढाईची हकीकत इतिहासकारांनी लिहून ठेवली. गेल्या पाच हंगामांत गावात फवारणीने किती जण आजारी पडले, हे ग्रामपंचायतीच्या कुठल्याही वहीत सापडणार नाही. ज्याची नोंद नाही त्यासाठी अंदाजपत्रकात पैसा निघत नाही.

मदतीच्या योजनेतही मजूर बाहेर राहतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात, आणि कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा तिच्या यादीत आहे. पण ती वहितीधारक शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य यांच्यासाठी. ज्याच्या नावावर सातबारा नाही, आणि बहुतेक वेळा पंप ज्याच्या पाठीवर असतो, त्याच्या घरच्यांना या दारातून रिकाम्या हाताने परतावे लागते. हे अन्यायाचे आहे आणि राज्य सरकारला एका शासन निर्णयाने दुरुस्त करता येण्याजोगे आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली. तिचा उंबरठा साधारणपणे दहा कामगारांचा आहे, म्हणजे चार मजूर लावणारे शेत तिच्या बाहेर पडते. मात्र त्याच संहितेत एक वाट ठेवलेली आहे: जिवाला धोका असलेले काम केंद्र सरकारने अधिसूचित केले, तर कामगारांच्या संख्येची अट राहत नाही. कीटकनाशकाची फवारणी आणि यंत्रावरची मळणी ही दोन कामे त्या अधिसूचनेत आली पाहिजेत. विदर्भातल्या खासदारांनी ही मागणी लावून धरावी. अल्पभूधारक शेतकऱ्यावर याचा बोजा पडेल, ही भीती खरी आहे. तो स्वतःही अर्धा दिवस पंप पाठीवर घेतो. म्हणून प्रशिक्षणाचा आणि साधनांचा खर्च औषध विकून नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी उचलावा. नियमाने प्रशिक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर आधीच आहे.

दिल्लीची वाट पाहण्याची मात्र गरज नाही. पहिली फवारणी जुलैच्या सुमारास सुरू होते. त्याआधी ग्रामसभेने सहायक कृषी अधिकारी, कृषी केंद्रचालक आणि आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांना एकत्र बोलवावे, गावातल्या फवारणी मजुरांची यादी करावी, त्यांना एक दिवसाची मजुरी देऊन प्रशिक्षणाला बसवावे आणि शेतातल्या अपघातांची वही उघडावी. मे महिन्यातली ग्रामसभा १ तारखेला असते. तो महाराष्ट्र दिन आहे, तसाच कामगार दिनही.